रस्त्यावरची ती घोडी कुणाची, हे आप्पांना सांग

प्रिय दादा,

नमस्कार. वहिनीला आणि आईलाही सांग. परवाच्या व्हिडिओ कॉलवर आप्पांनी गाडीसमोर उभी असलेली घोडी बघितली ना, तेव्हापासून त्यांचे प्रश्न संपत नाहीयेत, कालपण आईच्या फोनवरून व्हॉइस मेसेज आला, ही जनावरं मोकाट आहेत का, मालक नाही का, आणि कुंपण दिसत नाही तर पळून कशी जात नाहीत. व्हॉइस मेसेजमधे एवढं सगळं सांगता येणार नाही म्हणून लिहितेय, तू त्यांना वाचून दाखव, आणि जरा मोठ्याने वाच.

तर आधी, मोकाट नाहीयेत. मी राहते त्या दक्षिण इंग्लंडमधल्या न्यू फॉरेस्ट जंगलातल्या प्रत्येक घोड्याला, गाईला, गाढवाला मालक आहे. हे जंगल विल्यम राजाने 1079 साली स्वतःच्या शिकारीसाठी राखून घेतलं, पण आसपासच्या लोकांचा चराईचा हक्क टिकला तो आजपर्यंत. आप्पांना गायरान म्हटलं की लगेच कळेल, तसंच समज, फक्त इथे हा हक्क गावाला नाही तर ठरावीक घर-जमिनीला चिकटलेला असतो. ते घर विकलं की हक्क नव्या मालकाकडे जातो. मग तो बँकेत काम करणारा का असेना, दरवर्षी जनावरामागे फी भरायची आणि सोडायची पोनी, म्हणजे इथली ठेंगणी घोडी, जंगलात. त्यांना इथे कॉमनर म्हणतात. सगळ्यांवर देखरेख करणारे व्हर्डरर, त्यांचं कोर्ट वर्षातल्या बहुतेक महिन्यांत लिंडहर्स्ट गावात भरतं आणि कुणीही उठून तिथे गाऱ्हाणं मांडू शकतं. त्यांच्या हाताखाली अ‍ॅजिस्टर, म्हणजे घोड्यावरून नाहीतर जीपमधून फिरून जनावरं बघणारे लोक. मालकाने फी भरली की अ‍ॅजिस्टर त्या पोनीची शेपटी ठरावीक पद्धतीने कापतो, प्रत्येक अ‍ॅजिस्टरच्या भागाची कापायची तऱ्हा वेगळी, त्यामुळे शेपटी बघून फी भरलीय का आणि जनावर कुठल्या भागातलं तेही कळतं. मालकाची खूण वेगळी, ती अंगावर डागलेली असते. व्हिडिओ परत बघ, त्या घोडीची शेपटी कातरलेली दिसेल.

आता पळून का जात नाहीत. ही माझी आवडती गोष्ट आहे म्हणून जरा लांबण लावते.

जंगलाच्या हद्दीवर जिथे जिथे रस्ता आत शिरतो तिथे कॅटल ग्रिड असते. रस्ता आडवा खणून खड्डा करतात आणि वर लोखंडी दांडे किंवा पाईप टाकतात, मधे फटी सोडून. गाडी खडखड करत आरामात जाते. जनावर मात्र काठावर येऊन थबकतं, कारण खूर टेकायला नीट जागा नाही, पाय घसरून फटीत जायची भीती, आणि खाली पोकळ दिसतंय. बस, एवढंच. रस्त्यावर ना फाटक, ना साखळी, ना राखणदार. म्हणजे त्याला कुणी अडवत नाही, ते स्वतःच ठरवतं की नको बाबा. अमेरिकेत तर काही ठिकाणी नुसते रंगाचे पट्टे मारतात रस्त्यावर, खड्डा नाही काही नाही, आणि गाई त्यालाही बिचकतात! अर्थात एखादीने धीर करून पाय टाकला आणि काही झालं नाही हे बाकीच्यांनी बघितलं की संपला खेळ.

मेंढ्या मात्र सगळ्यांच्या वरताण. उत्तरेला यॉर्कशायरमधे मार्सडेन म्हणून गाव आहे, तिथल्या मेंढ्या 2004 साली चक्क अंग टाकून, पाठीवरून लोळत 8 फुटी ग्रिड पार करायला लागल्या आणि गावातल्या बागा फस्त केल्या, बीबीसीवर बातमी होती. ग्रिडमधे पानं, माती साचली किंवा बर्फ गच्च बसला तरी जनावरं त्यावरून निवांत चालत जातात, म्हणून खड्डा वेळच्या वेळी साफ करावा लागतो. आणि बाजूला एक साधं फाटक असतंच, घोडेस्वारांसाठी, गुरं हाकत नेणाऱ्यांसाठी. ते कुणी उघडं टाकून गेलं की ती सगळी लोखंडी करामत फुकट. माझ्या मते ग्रिडपेक्षा त्या फाटकाच्या खिट्टीवर सगळं अवलंबून आहे.

अजून एक, आईला आवडेल असं. इथे हेजहॉग नावाचा काटेवाला छोटा प्राणी असतो, तो रात्री त्या फटीतून खाली पडायचा आणि खड्ड्याला सरळ भिंती, वर येणार कसा, आतच उपाशी मरायचा. एका निवृत्त मेजरसाहेबांच्या, एड्रियन कोल्स यांच्या हे लक्षात आलं आणि त्यांनी 1982 मधे हेजहॉग वाचवणारी संस्थाच काढली. खड्ड्यात एक उतार करून ठेवा म्हणजे तो चढून बाहेर येईल, एवढीच सुरुवातीची मागणी. आता पुष्कळ ग्रिडमधे तसा उतार असतो.

हे ग्रिड काही राजाच्या काळचे नाहीत हं. 1964 साली न्यू फॉरेस्टचा कायदा आला, त्यानंतर जंगलाच्या हद्दीला कुंपण आणि रस्त्यांवर ग्रिड असं ठरवून झालं. त्याआधी पोनी फिरत फिरत थेट शेजारच्या साउथॅम्प्टन शहराच्या गल्ल्यांत जायच्या आणि कचऱ्याचे डबे उलटे करायच्या. खरं म्हणजे बहुतेक जनावरं ग्रिडपर्यंत पोचतच नाहीत, प्रत्येकाचा आपापला टापू ठरलेला असतो, आईबरोबर फिरताना शिंगराला तो कळतो आणि मग ते जन्मभर तिथेच.

पण दादा, आप्पांच्या डोक्यात जे चित्र आहे ना, की जनावरं कोंडलेली आणि माणसं मोकळी, ते इथे उलटं आहे. ग्रिडच्या आत गावं आहेत, शाळा, दुकानं, बसस्टॉप सगळं आत, आणि मधल्या रस्त्यांना बहुतेक ठिकाणी कुंपण नाही. कुंपण घालायचं ते आपण, आपल्या घराला. गाईने तुमच्या बागेत शिरून गुलाब खाल्ले तर साधारणपणे तिच्या मालकाकडे बोट दाखवता येत नाही, तुमचं कुंपण नीट का नव्हतं असा उलटा प्रश्न येतो. माझ्या घरमालकीणबाईंनी तर स्वतःच्या दारात, गाडी आत घेतात तिथे, छोटी ग्रिड बसवून घेतलीय, रोज उतरून फाटक लावायचा कंटाळा. पाव्हणे आले की खडखड ऐकू येते, बेल लागत नाही.

आणि या मोकळेपणाची किंमतही आहे. ए-31 हा मोठा हायवे जंगल चिरत जातो, त्याला दोन्हीकडून कुंपण आहे आणि जनावरांना खालून जायला बोगदे आहेत, पण बाकी आतल्या रस्त्यांवर ती कुठेही उभी. तिथे मर्यादा ताशी 40 मैल, म्हणजे 64 किलोमीटर, आणि अंधारात काळी गाय काळ्या रस्त्यावर दिसतच नाही. दरवर्षी डझनांनी जनावरं गाड्यांखाली जातात, जास्त करून अंधार पडल्यावर. कितीतरी पोनींच्या गळ्यात चमकणारे पट्टे बांधतात, तरी लोक वेग कमी करत नाहीत. याचा मला फार राग येतो, कारण उडवणाऱ्यांत बाहेरचे टुरिस्टच असतात असं नाही, रोज त्याच रस्त्याने कामावर जाणारेही असतात, घाई त्यांनाच जास्त.

तुम्ही इथे आलात की तू गाडी चालवणारच, ऐकणार नाहीस, म्हणून कायदा सांगून ठेवते. घोडा, गाय-बैल, गाढव, खेचर, मेंढी, डुक्कर, बकरी, कुत्रा यातल्या कशालाही धडक बसली तर थांबायचंच आणि जनावराचा मालक सापडला नाही तर पोलिसांना कळवायचं. मांजर त्या यादीत नाही, का ते विचारू नकोस. आणि वहिनीला सांग, गाजरं आणायची नाहीत. पोनींना खायला घालणं, हात लावणं यावर 2023 पासून इथे दंड आहे. लोक गाजरं दाखवतात, मग पोनी खाण्यासाठी रस्त्यालाच उभ्या राहतात, मग चावतात नाहीतर गाडीखाली येतात.

यायचं तर ऑक्टोबरमधे या. तेव्हा ओकची फळं पडतात, ती हिरवी असताना पोनींना आणि गाईंना विषारी, पण डुकरांना मेजवानी, म्हणून खास डुकरं सोडतात जंगलात, कमीत कमी 60 दिवस. जमीन उकरू नये म्हणून त्यांच्या नाकात कडी घालतात. सोडायची तारीख दरवर्षी फळं कशी गळतायत ते बघून ठरवतात त्यामुळे सप्टेंबरचं तिकीट काढलंत तर कदाचित चुकेल. आप्पांचा पासपोर्ट रिन्यू झाला का ते आधी कळव, आणि त्यांचे गुडघे बघता चालणं किती जमेल तेही, म्हणजे मला त्या हिशोबाने घराजवळचा रस्ता बघून ठेवता येईल.

तुझी,
छोटी