रेपो उतरला, पण तुमचे कर्ज कशाला बांधले आहे?

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

रेपो दर, म्हणजे रिझर्व्ह बँक बँकांना ज्या दराने पैसे उसने देते तो, कमी झाला की दुसऱ्या दिवशी सगळ्या वर्तमानपत्रांत गृहकर्जाचा हप्ता किती उतरणार याचा तक्ता येतो. आपल्याकडेही येतो. माझी बँकेतली बहुतेक नोकरी ट्रेझरीत, म्हणजे बँकेच्या रोजच्या पैशांची सोय पाहणाऱ्या विभागात गेली, आता निवृत्त होऊन नेरूळला राहतो. तो तक्ता बऱ्याच कर्जदारांना लागूच होत नाही आणि तसे त्याखाली कुठे लिहिलेले नसते, एवढे सांगण्यासाठी हे पत्र.

निमित्त माझ्या भाचीचे. तिने मार्च २०२२ मध्ये उलव्याला घर घेतले, कर्ज एका गृहवित्त कंपनीचे, म्हणजे बँकेचे नव्हे, फक्त घरांसाठी कर्ज देणाऱ्या कंपनीचे. परवा फोनवर म्हणाली, "मामा, पेपरात सव्वा टक्का व्याज उतरलं म्हणतात. माझं अर्धाच टक्का उतरलंय. बाकीचं गेलं कुठे?"

तिचा प्रश्न अगदी रास्त आहे. फेब्रुवारी ते डिसेंबर २०२५ या काळात रिझर्व्ह बँकेने रेपो दर चार वेळा कमी केला. तो ६.५० वरून ५.२५ टक्क्यांवर आला. ३० लाखांच्या, २० वर्षे मुदतीच्या कर्जाचे व्याज साडेआठवरून सव्वासात टक्के झाले, तर हप्ता २६,०३५ रुपयांवरून सुमारे २३,७११ वर येतो. महिन्याला २,३०० रुपयांचा फरक. नव्या घरातल्या कुटुंबाला ही रक्कम लहान नाही.

आता मी जिथे काम केले तिथले सांगतो. बँकांना आपल्या ठेवींचा ठरावीक हिस्सा रिझर्व्ह बँकेकडे रोख ठेवावा लागतो. दिवसअखेर एखाद्या बँकेला पैसे कमी पडतात, एखादीकडे उरतात. पैसे कमी पडणारी बँक पैसे उरलेल्या बँकेकडून ते एका रात्रीपुरते घेते आणि दुसऱ्या दिवशी व्याजासह परत करते. हाच कॉल मनी बाजार. तारण काही नाही, नुसती पत. २००६ मध्ये हे व्यवहार संगणकाच्या पडद्यावर येण्यापूर्वी आम्ही ते फोनवर करायचो. रिपोर्टिंग फ्रायडेला, म्हणजे या रोख रकमेचा पंधरवड्याचा हिशेब जुळवायच्या शुक्रवारी, दुपारनंतर दर कुठे जाईल या काळजीने जेवण सुचत नसे. म्युच्युअल फंड आणि इतर संस्था रोख्यांच्या तारणावर एका रात्रीचे पैसे देतात-घेतात. तो तारणाचा बाजार आज कॉलपेक्षा कितीतरी मोठा आहे.

या एका रात्रीच्या दराला रिझर्व्ह बँकेने दोन बाजूंनी कुंपण घातले आहे. रेपो ५.२५ असताना उरलेले पैसे बँकेला थेट रिझर्व्ह बँकेकडे ५ टक्क्यांनी ठेवता येतात आणि अगदीच अडले तर तिथूनच साडेपाच टक्क्यांनी घेता येतात. त्यामुळे दर सहसा या दोहोंच्या मधे राहतो. कॉलचा भारित सरासरी दर (मोठ्या व्यवहाराला जास्त वजन देऊन काढलेली सरासरी) रेपोच्या जवळ राखणे हे तर रिझर्व्ह बँकेचे रोजचे उद्दिष्टच. म्हणून पतधोरण जाहीर झाले की बँकांच्या डीलिंग रूममधला हा एका रात्रीचा दर त्याच दिवशी हलतो. जून २०२५ मध्ये रोख राखीव प्रमाण, म्हणजे वर सांगितलेला ठेवींचा हिस्सा, चार टप्प्यांत ४ वरून ३ टक्के करण्याचा निर्णय झाला, त्यातून अंदाजे अडीच लाख कोटी रुपये बँकांच्या हाती येणार होते. बँकाबँकांमधल्या या घाऊक बाजारापुरते रिझर्व्ह बँकेने आपले काम चोख केले, हे मी मनापासून मान्य करतो.

गाडी अडते ती पुढे. १ ऑक्टोबर २०१९ पासून बँकांना नवी बदलत्या दराची गृहकर्जे रेपोसारख्या बाहेरच्या दराला बांधावी लागतात आणि तीन महिन्यांतून एकदा तरी व्याज बदलावे लागते. आपला तक्ता या कर्जांना लागू पडतो. गृहवित्त कंपन्यांना मात्र हे बंधन नाही, नागरी सहकारी बँकांनाही नाही. गृहवित्त कंपनी आपला मूळ दर स्वतः ठरवते. बँकांची २०१९ पूर्वीची कर्जेही अनेकदा बँकेनेच ठरवलेल्या जुन्या दराला बांधलेली असतात. ठाणे-नवी मुंबईत अशी कर्जे घेतलेली कितीतरी घरे माझ्या ओळखीत आहेत.

कंपन्यांची बाजू मला ठाऊक आहे. त्यांचा पैसा एका रात्रीचा नसतो, रोख्यांतून आणि बँकांच्या कर्जातून काही वर्षांसाठी उभा केलेला असतो. तो महागाचा पैसा फिटेपर्यंत दर उतरवणे जड जाते. ठीक. पण मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ मध्ये रेपो ४ वरून साडेसहावर गेला, तेव्हा भाचीचा दर काही महिन्यांत जवळपास तेवढाच चढला. चढताना जुना स्वस्त पैसा आड आला नाही.

त्या वेळी तिचा हप्ता तोच ठेवून मुदत वाढवली गेली. तिला न विचारता. यात काय होऊ शकते ते पाहा. साडेसहा टक्क्यांनी ३० लाखांचा २० वर्षांचा हप्ता २२,३६७ रुपये. व्याज ९ टक्के झाले की ३० लाखांवर महिन्याचे नुसते व्याज २२,५०० होते. म्हणजे हप्ता नियमित भरूनही कर्ज वाढतच जाते. असे होऊ देऊ नका, मुदत वाढवायची की हप्ता हे कर्जदाराला ठरवू द्या, असे रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२३ मध्ये बजावले. तो नियम गृहवित्त कंपन्यांनाही लागू आहे. दर तिमाहीला उरलेल्या हप्त्यांचे विवरणही द्यावे लागते. भाचीला यातले काहीच माहीत नव्हते. व्याज आणखी उतरवायचे तर शुल्क भरून अर्ज करावा लागतो, हेही तिला स्वतः शाखेत गेल्यावर कळले.

गृहवित्त कंपन्यांचे नियमन २०१९ पासून रिझर्व्ह बँकेकडेच आहे. बाहेरच्या दराची अट त्यांच्या नव्या कर्जांनाही लावावी. निदान मूळ दर कधी आणि का बदलला हे तरी प्रत्येक कर्जदाराला लेखी कळवायला लावावे.

आणि आपल्याला विनंती अशी, की पुढच्या पतधोरणाच्या दिवशी हप्त्यांच्या तक्त्याशेजारी एक छोटी चौकट छापावी: हा तक्ता कोणत्या कर्जांना लागू आहे, कोणत्या नाही, आणि मंजुरीपत्रात आपला दर कशाला बांधला आहे ते कुठे पाहायचे. चौकटीचा मजकूर मी लिहून देईन.

आपला,
एक निवृत्त बँक कर्मचारी, नेरूळ, नवी मुंबई