पायथन दोन, पॅकेज एकात

माननीय संपादक महोदय,
स. न. वि. वि.

पायथन या प्रोग्रामिंग भाषेच्या प्रात्यक्षिकात ‘नो मॉड्यूल नेम्ड नमपाय’ (‘नमपाय’ हे पॅकेज, म्हणजे तयार कोडचा संच, सापडत नाही) असा संदेश आला की विद्यार्थ्याला सगळे काढून पुन्हा इन्स्टॉल करायला सांगितले जाते, आणि त्यातून बहुधा संगणकावर आणखी एका पायथनची भरच पडते. वास्तविक पॅकेज अनेकदा बसलेले असते. मात्र पायथनच्या प्रत्येक आवृत्तीचे, पॅकेजेस ठेवण्याचे ‘साइट-पॅकेजेस’ फोल्डर स्वतंत्र असल्याने, ‘पिप’ या पॅकेज बसवणाऱ्या साधनाने ते ३.१२ मध्ये टाकले आणि एडिटर ३.९ चालवत असेल, तर ते सापडणार कसे? प्रोग्राममध्ये ‘सिस’ हे मॉड्यूल इम्पोर्ट करून ‘सिस.एक्झिक्युटेबल’ प्रिंट केल्यास नेमका कोणता पायथन चालू आहे, त्याचा पूर्ण पाथ (संगणकावरील पत्ता) दिसतो. कमांड विंडोत तोच पाथ लिहून पुढे ‘-एम पिप इन्स्टॉल’ आणि पॅकेजचे नाव दिले की ते योग्य ठिकाणी जाते. विंडोजवर पायथनचा लाँचर (हवी ती आवृत्ती सुरू करणारा प्रोग्राम) असल्यास ‘पाय -०’ ही कमांड बसवलेल्या आवृत्त्यांची यादी देते.

प्रत्येक प्रकल्पाची पॅकेजेस वेगळी ठेवणारी ‘व्हेन्व्ह’ ही सोय २०१२ च्या ३.३ आवृत्तीपासून पायथनसोबतच मिळते, तरी माझ्या पाहण्यातील प्रात्यक्षिक-पुस्तिकांत तिचा साधा उल्लेखही नाही, हे खटकते. अभ्यास मंडळांनी ती पहिल्याच प्रात्यक्षिकात, लूप शिकवण्याआधी घ्यावी, ही विनंती.

– एक संगणक शिक्षक, सातारा