मदत मागणाऱ्याच्या हातात दाखला देऊ नका

मा. संपादक,
स.न.वि.वि.

नोकरीत असताना परीक्षेच्या तोंडावर एक विद्यार्थी स्टाफरूमबाहेर बराच वेळ घुटमळत होता. वडील यंत्रमागावर, आई विड्या वळणारी. आत बोलावल्यावर म्हणाला, "सर, सुटत नाहीये." गांजापासून सुरू होऊन पोरगं एमडीपर्यंत, म्हणजे मेफेड्रोन या रासायनिक अमली पदार्थापर्यंत, पोहोचलं होतं. काहीतरी मार्ग निघेल म्हणून मी त्याला वरिष्ठांकडे नेलं. मार्ग असा निघाला की, दोन दिवसांत आईवडिलांना बोलावून 'स्वेच्छेने' दाखला काढल्याचा अर्ज लिहून घेतला. त्या अर्जावर माझीही सही आहे. निवृत्त होईपर्यंत त्यानंतर एकही मुलगा असलं काही सांगायला माझ्याकडे आला नाही.

आपला कायदा याहून समंजस आहे, हे मला फार उशिरा कळलं. 1985 च्या अमली पदार्थविरोधी कायद्यात कलम 27 नुसार सेवन हा गुन्हा आहेच. पण त्याच कायद्याचं कलम 64-अ सांगतं की, सेवनाचा किंवा अल्प प्रमाणाचा आरोप असलेला व्यसनी स्वतःहून सरकारमान्य ठिकाणी उपचार घेत असेल तर त्याच्यावर खटला चालणार नाही. उपचार अर्धवट सोडले तर हे संरक्षण जाऊ शकतं. न्यायालय ज्याला संधी देतं, त्याला महाविद्यालयाने दारातूनच हाकलावं?

धाक राहणार नाही, असं काही सहकारी म्हणतील. धाक विकणाऱ्याला हवा. 50 ग्रॅमपेक्षा जास्त एमडी सापडलं तर किमान 10 वर्षं सक्तमजुरी आहे. 2023 मध्ये सोलापूरजवळच्या चिंचोळी एमआयडीसीत एमडीचा कारखाना सापडला, तेव्हा विष किती जवळ शिजतंय हे सगळ्यांनी पाहिलं. गेटबाहेर पुड्या विकणाऱ्याची माहिती पोलिसांना द्यायलाच हवी, आणि ती माहिती असते याच मुलांकडे. दाखल्याच्या भीतीने ती तोंड उघडत नाहीत.

आपलं सोलापूर विद्यापीठ एकाच जिल्ह्यापुरतं आहे. एक परिपत्रक अक्कलकोटपासून करमाळ्यापर्यंत सगळ्या महाविद्यालयांत जाऊ शकतं. स्वतःहून मदत मागणाऱ्याचा प्रवेश रद्द होणार नाही, उपचाराचे दिवस वैद्यकीय रजा म्हणून हजेरीत धरले जातील आणि त्याचं नाव समुपदेशकापलीकडे जाणार नाही, एवढं त्यात स्पष्ट लिहावं. वसतिगृहांनाही तोच नियम हवा. 14446 हा व्यसनमुक्ती हेल्पलाइनचा क्रमांक प्रत्येक सूचनाफलकावर लागावा. 26 जूनला, अमली पदार्थविरोधी दिनी, मुलांकडून शपथ घेतो, फोटो काढतो. त्या दिवशी शपथेसोबत कलम 64-अ सुद्धा वाचून दाखवावं.

नवे प्रवेश सुरू होण्याआधी हे परिपत्रक निघावं, अशी कुलगुरूंना कळकळीची विनंती आहे. मसुदा करायला माणूस लागला तर मी रोज येऊन बसेन.

आपला,
एक निवृत्त प्राध्यापक, सोलापूर