मासळी किती उतरली आणि समुद्रात किती उरली: मत्स्यव्यवसाय मंत्र्यांना खुले पत्र

मा. मत्स्यव्यवसाय मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मुंबई

महोदय,

राज्याचे सागरी मत्स्योत्पादन दरवर्षी टनांत जाहीर होते. आकडा वाढला की समाधान आणि घटला की चिंता व्यक्त होते. परंतु बंदरात किती मासळी उतरली यावरून समुद्रात किती उरली हे कळत नाही, म्हणून हे पत्र.

२०१९ सालचेच पाहा. केंद्रीय सागरी मत्स्यिकी संशोधन संस्थेच्या अंदाजानुसार त्या वर्षी महाराष्ट्रात २.०१ लाख टन मासळी उतरली आणि तो ४५ वर्षांतील नीचांक ठरला. मात्र त्याच वर्षी ऐन हंगामात क्यार आणि महा ही चक्रीवादळे आली व नौका बंदरांत अडकून पडल्या. मासळीच कमी असल्याने किती घट झाली आणि जाळेच न पडल्याने किती, हे नुसत्या टनांतून वेगळे काढता येत नाही. याच्या उलटही घडते, आणि ते अधिक घातक असते: इंजिनाची अश्वशक्ती वाढवून, जाळ्याचा आस (छिद्रांचा आकार) बारीक करून आणि जास्त दिवस खोल पाण्यात राहून साठा, म्हणजे समुद्रात उरलेली त्या जातीची मासळी, खालावत असतानाही आकडा टिकवून धरता येतो. कॅनडात न्यूफाउंडलंडच्या किनाऱ्यालगतचे मच्छीमार कॉड हा मासा कमी आणि लहान होत चालल्याचे सांगत होते, तर मोठ्या ट्रॉलरना (मोठे जाळे पाण्यातून ओढत मासेमारी करणाऱ्या नौकांना) उरलेल्या थव्यांवर भरपूर मासा मिळत होता. अखेर १९९२ मध्ये तेथील कॉडची मासेमारी बंद करावी लागली.

साठ्याची प्रकृती तपासायची तर मासळीच्या वजनाबरोबर जाळे किती तास पाण्यात होते, मासा किती लांबीचा होता आणि त्या लांबीला तो अंडी घालण्याइतका वाढलेला होता का, हेही नोंदवावे लागते. ही शास्त्रीय पद्धत आपल्याकडे आहे. केंद्रीय सागरी मत्स्यिकी संशोधन संस्थेनेच २०२२ मध्ये देशभरातील १३५ साठे तपासले व त्यांतील ९१.१ टक्के निरोगी असल्याचे सांगितले. हा निष्कर्ष मी नाकारत नाही. पण देशाची सरासरी पालघर जिल्ह्यातील सातपाटी बंदराच्या पापलेटविषयी काहीच सांगत नाही.

पापलेटला २०२३ मध्ये राज्यमाशाचा दर्जा मिळाला आणि त्याच वर्षी ५४ जातींसाठी पकडण्याची किमान लांबी ठरली, हे दोन्ही निर्णय स्वागतार्ह आहेत. (राज्यमासा ताटातही सर्वाधिक मागणीचा असावा, हा योग विरळाच.) परंतु ट्रॉलच्या जाळ्यातील कोवळी पिल्ले फिशमीलच्या (माशांच्या भुकटीच्या) ढिगात न मोजताच गेली, तर नियम पाळला जातो की नाही हे कळणार नाही आणि साठ्याचे गणितही चुकेल. शिवाय बोंबील आणि पापलेट गुजरातच्या पाण्यातही पकडले जातात, त्यामुळे एकट्या महाराष्ट्राने मोजून भागणार नाही.

आपल्याकडे माझी मागणी मर्यादित आहे. पापलेट, बोंबील आणि घोळ या तीन जातींचे साठानिहाय मूल्यमापन, मासेमारीचे तास आणि लांबीच्या नोंदींसह, मराठीत प्रसिद्ध करावे. त्यासाठीचे नमुने मुंबईतील ससून डॉक, सातपाटी आणि रत्नागिरीतील मिरकरवाडा या बंदरांत फिशमीलला जाणाऱ्या मासळीतूनही घ्यावेत आणि ते घेताना मच्छीमार सहकारी संस्थांचे प्रतिनिधी उपस्थित असावेत. गुजरात शासनाशी याविषयी बोलणी १ जूनपासूनच्या पावसाळी बंदीच्या काळात करता येतील, कारण तेव्हा दोन्ही राज्यांच्या यांत्रिक नौका किनाऱ्यावरच असतात.

आपला,
कोकण किनाऱ्यावरील एक नागरिक