तपास करणारा साहेब मंत्रालयाच्या हाताखाली नको

मा. संपादक साहेब, स.न.वि.वि.

अहमदाबादच्या विमान अपघातावर सगळीकडं भरपूर छापून आलं, पण तपास करणाऱ्या एएआयबीच्या म्हणजे विमान अपघात तपास ब्युरोच्या प्रमुखाच्या खुर्चीबद्दल कुणी फारसं बोलत नाही म्हणून हे पत्र लिहितोय.

मी तीस वर्षं गाड्यांच्या वर्कशॉपमध्ये काढली, शेवटी फोरमन होतो. एकदा घाटात आमची एक गाडी कठड्याला धडकली, माणसं वाचली, पण गाडी ओढून आणायच्या आधीच ड्रायव्हरच्या हातात सस्पेंडची ऑर्डर पडली होती. दोन दिवसांनी मी गाडीखाली शिरलो तर ब्रेकचा एअर पाइप चेसिसला घासून घासून फुटलेला आणि तोच पाइप बदलायची आमची मागणी स्टोअरमध्ये महिनाभर पडून होती. चौकशी करणारे साहेब आणि स्टोअर बघणारे साहेब एकच. अहवालात पाइपचं नावसुद्धा आलं नाही, तो ड्रायव्हर सहा महिने घरी बसला आणि मला ते आजही सलतं.

विमानाचं वेगळं काय आहे सांगा. 2012 मध्ये डीजीसीएपासून म्हणजे विमानांचे नियम बघणाऱ्या संचालनालयापासून तोडून एएआयबी केली हे चांगलंच झालं, पण दोन्ही अजून नागरी विमान वाहतूक मंत्रालयाखालीच आणि विमानतळ प्राधिकरणही तिथंच. 26 एप्रिल 1993 ला औरंगाबादला विमान उडताना धावपट्टीच्या टोकाला बीड रस्त्यावरच्या कापसाच्या गाठींच्या ट्रकला धडकलं, 55 माणसं गेली. पायलटनं विमान उशिरा उचललं हे चौकशीत आलं, पण विमानाच्या वेळेला तो रस्ता रोखायची व्यवस्था प्राधिकरणानं केली नव्हती हेही त्यातच आलं. हे दुसरं वाक्य लिहायला छाती लागते, आणि ज्याची बदली, बजेट, माणसं सगळं मंत्रालयाच्या हातात त्यानं ते दरवेळी लिहावं ही अपेक्षा जरा जास्तच आहे.

अहमदाबादला 12 जून 2025 ला 260 जीव गेले. महिन्यानं 15 पानांचा प्राथमिक अहवाल आला, त्यात दोन्ही इंजिनांना इंधन सोडणारे फ्युएल स्विच एका सेकंदाच्या अंतरानं बंद झाले आणि एका पायलटनं दुसऱ्याला तू का बंद केलंस विचारलं, तो म्हणाला मी नाही केलं, एवढंच. कोण बोललं ते नाही. झालं, दुसऱ्या दिवसापासून टीव्हीवर आणि व्हॉट्सअॅपवर मेलेल्या पायलटला शिक्षा सुनावून मोकळे! त्याच अहवालात आहे की 2018 मध्ये अमेरिकेच्या एफएएनं, म्हणजे तिथल्या विमान नियामक संस्थेनं, त्या स्विचचं चुकून हलू नये म्हणून असलेलं लॉक तपासा असा सल्ला दिला होता, सक्ती नव्हती म्हणून तपासलं नव्हतं. नंतर एअर इंडियानं बाकी विमानं तपासली, दोष सापडला नाही म्हणाले, तेही मान्य. पण अशा वेळी तपासप्रमुखानं स्वतः लोकांसमोर येऊन बसायला पाहिजे, काय कळलंय, काय अजून कळायचंय, कशावरून अंदाज बांधू नका हे तोंडानं सांगायला पाहिजे.

अमेरिकेत जानेवारी 2025 ला वॉशिंग्टनजवळ विमान आणि हेलिकॉप्टर धडकून 67 गेले तेव्हा तिथल्या अपघात तपास संस्थेच्या, एनटीएसबीच्या, प्रमुख जेनिफर होमेंडी लगेच पत्रकारांसमोर उभ्या राहिल्या. ती संस्था 1975 पासून तिथल्या वाहतूक खात्यापासून वेगळी आहे आणि तिच्या शिफारशीला खात्याला 90 दिवसांत लेखी उत्तर द्यावं लागतं. मला यातली 90 दिवसांची गोष्ट सगळ्यात महत्त्वाची वाटते. 2010 ला मंगळूरला टेबलटॉप म्हणजे डोंगरमाथा सपाट करून केलेल्या धावपट्टीवरून विमान दरीत गेलं, 158 गेले, निवृत्त एअर मार्शल भूषण गोखल्यांनी चौकशी करून अहवाल दिला, आणि दहा वर्षांनी केरळात कोळीकोडला तसल्याच धावपट्टीवरून विमान पुन्हा खाली गेलं, 21 माणसं गेली. मधल्या दहा वर्षांत त्या अहवालाचं काय केलं, हे आम्हाला कोण सांगणार?

आमच्या कराडच्या विमानतळावर ट्रेनिंगची छोटी विमानं फिरतात, ती वरून गेली की नातू अंगणात पळतो, त्याला पायलट व्हायचंय. सातारा सांगलीच्या खासदारांनी संसदेत एवढंच मागावं, ब्युरो मंत्रालयातून काढून संसदेला जबाबदार करा, प्रमुखाला ठरलेली मुदत द्या, आणि त्याच्या शिफारशीचं काय केलं याचं उत्तर तारखेसकट जाहीर करायला लावा.

आपला,
एक निवृत्त फोरमन, कराड (जि. सातारा)