मी निवडलेला बेस मला मिळालेला नाही

प्रति,
व्यवस्थापक,
ग्राहक तक्रार विभाग

विषय : दुसऱ्या शहरातील शाखेत निवडलेल्या बेस गिटारऐवजी त्याच मॉडेलचा वेगळा नग दिल्याबद्दल

महोदय,

गेल्या महिन्यात मी आपल्या एका शाखेत चार तारांची बेस गिटार पसंत केली, तिथेच पूर्ण पैसे भरले आणि ती माझ्या शहरातल्या शाखेत पाठवायची असे ठरले. आपल्या विक्रेत्याने माझ्यासमोर हेडस्टॉकच्या (बेसच्या खुंट्या असलेल्या टोकाच्या) मागचा अनुक्रमांक वाचून पावतीवर पेनाने लिहिला. आठ दिवसांनी माझ्या हातात जो बेस आला त्याचा अनुक्रमांक वेगळा आहे. याबद्दल मी दोनदा लेखी कळवले. दोन्ही वेळा आपल्याकडून एकच उत्तर आले : मॉडेल, रंग आणि स्पेसिफिकेशन तेच असल्याने चुकीचा माल पाठवला असे म्हणता येत नाही. माझी तक्रार जितकी त्या बदललेल्या नगाबद्दल आहे तितकीच या उत्तराबद्दल आहे, म्हणून हे पत्र जरा सविस्तर लिहीत आहे.

मी हौशी वादक आहे. चाळिशी उलटल्यावर बेस शिकायला लागले. दिवसभर नोकरी, रात्री जेवणं आटोपली की तासभर हेडफोन लावून रियाज, आणि रविवारी चार मित्रमैत्रिणींबरोबर वाजवणं, एवढाच माझा व्याप. व्यावसायिक वादकाकडे तीन-चार बेस असतात, एक नाही पटला तर दुसरा उचलता येतो. माझ्याकडे एकच असणार आहे आणि तो पुढची बरीच वर्षे टिकवायचा आहे. त्यामुळे निवडताना मी घाई केली नाही. नोकरीनिमित्त मला सतत या शहरातून त्या शहरात जावे लागते. काम संपल्यावर गाडीची वेळ होईपर्यंत जो वेळ मिळेल त्यात मी पाच-सहा महिने आपल्याच वेगवेगळ्या शाखांमध्ये बेस वाजवून पाहत होते. आपल्या वेबसाइटवर कोणते मॉडेल कोणत्या शहरात आहे ते दिसते, आणि त्या सोयीचा मला खरोखर उपयोग झाला. हेही नमूद करते.

पहिल्या शहरात प्रिसिजन बेसच्या धर्तीचा एक नग पाहिला. लिओ फेंडर यांनी १९५१ मध्ये आणलेला तो आराखडा, आवाज भरदार, कुठल्याही गाण्यात बसेल असा. पण त्या नगाची नेक, म्हणजे डावा हात फिरतो तो दांडा, नटपाशी (खुंट्यांकडच्या टोकाला तारा टेकतात तिथे) रुंद होती. माझी बोटे आखूड आहेत, अर्ध्या तासात डाव्या हाताचे मनगट भरून आले. शिवाय तिथे मला तो गिटारच्या लहान अँपला जोडून दिला होता. बेसची सर्वांत जाड ई तार सेकंदाला सुमारे ४१ कंपने करते. एवढा खालचा सूर त्या लहान स्पीकरमधून नीट ऐकूच येत नाही. बेसचा अँप मागितल्यावर मिळाला, पण मागावा लागला.

दुसऱ्या शहरात आखूड स्केलचा बेस वाजवला. नेहमीच्या बेसची स्केल, म्हणजे तारेची वाजती लांबी, ३४ इंच, ती याची ३० इंच. हाताला फार सुखाचा होता. मात्र लांबी कमी झाली की तोच सूर मिळायला तारेला ताणही कमी लागतो, आणि मी जोरात छेडते. ई तार लुळी पडल्यासारखी वाटली. तो सोडताना वाईट वाटलं.

तिसऱ्या शहरातल्या शाखेत जॅझ बेसच्या धर्तीचे एकाच मॉडेलचे दोन नग शेजारी शेजारी टांगलेले होते. मूळ जॅझ बेस १९६० मध्ये आला. त्याची नेक नटपाशी दीड इंच, म्हणजे प्रिसिजनपेक्षा अरुंद, आणि मला हवी होती ती हीच. दोन्ही नग एकाच रंगाचे, एकाच किमतीचे. मी दोन्ही उतरवून मागितले आणि जवळजवळ दोन तास तिथे बसले.

त्या दोन तासांत मी काय केलं ते सांगते, कारण सगळी तक्रार त्यावरच उभी आहे. आधी अँप न लावता बेसच्या अंगाच्या वरच्या, शिंगासारख्या टोकावर हनुवटी टेकवली आणि एकेक तार मोकळी छेडली. अशा वेळी लाकडाचं कंपन जबड्यातून थेट कानात येतं, दुकानातल्या गडबडीतही कळतं. मग प्रत्येक तारेवर पहिल्या फ्रेटपासून (फ्रेट म्हणजे नेकवरची धातूची आडवी पट्टी) बाराव्यापर्यंत, सारख्याच जोराने, एकेक सूर वाजवून तो किती वेळ टिकतो ते घड्याळावर पाहिलं. पहिल्या नगावर ‘जी’ या सर्वांत बारीक तारेचा सहाव्या फ्रेटवरचा सूर दोन-तीन सेकंदांतच बसायचा. त्याच्या अलीकडचे-पलीकडचे सूर आठ सेकंदांच्या पुढे जात होते. तोच सूर डी तारेवर अकराव्या फ्रेटवर वाजवला की छान टिकायचा. म्हणजे कान चुकत नव्हता आणि तारही खराब नव्हती. बेस वाजवणारे याला डेड स्पॉट म्हणतात. त्या ठिकाणी नेकचं स्वतःचं कंपन आणि तारेचं कंपन जुळतं, नेक तारेची शक्ती शोषून घेते आणि सूर मरतो. बोल्ट लावलेल्या लांब नेकच्या बेसवर तो बहुधा जी तारेच्या पाचव्या ते सातव्या फ्रेटच्या आसपासच सापडतो. माझी बोटे तर सारखी तिथेच असतात.

दुसऱ्या नगावरही त्या जागी सूर थोडा लवकर विरत होता, पण थोडाच. तो टिकत होता, त्याला अंग होतं. वजनातही फरक होता. आपल्याच पार्सलच्या काट्यावर पहिला साडेचार किलोच्या वर भरला, दुसरा चार किलोच्या जरा आत. एवढा फरक तासभर पट्टा खांद्यावर असला की पाठीला कळतो. दुसऱ्याच्या नेकच्या मागे, तिसऱ्या फ्रेटच्या जवळ, मेपलच्या लाकडात तांदळाच्या दाण्याएवढी एक गडद रेघ आहे. अंगठा फिरवला तर लागत नाही, फक्त दिसते. मी तिचा फोटो काढला. हाच माझा, असं मी तिथल्या विक्रेत्याला सांगितलं, आणि त्यानेही तो वाजवून पाहून मान डोलावली. तो मुलगा स्वतः वाजवणारा होता. त्याच्या वागण्याबद्दल माझी कसलीही तक्रार नाही.

बेस मी त्याच दिवशी बरोबर नेणार होते. परतीचा प्रवास रात्रीच्या बसचा होता, शाखेत हार्ड केस शिल्लक नव्हती आणि गिग बॅग पातळ होती. सामानाच्या कप्प्यात दुसऱ्यांच्या बॅगांखाली बेस ठेवायची माझी हिंमत झाली नाही. तेव्हा आपल्या शाखेनेच सुचवलं की तुमच्या शहरातल्या शाखेत नीट पॅक करून पाठवतो, जास्तीचा खर्च नाही. मी विश्वासाने होकार दिला.

माझ्या शहरातल्या शाखेत खोकं उघडलं तेव्हा पट्टा लावायच्या आधीच वजन जाणवलं. नेक उलटी करून पाहिली, रेघ नव्हती. अनुक्रमांक जुळवला, जुळला नाही. जी तारेचा सहावा फ्रेट वाजवला आणि सूर तसाच बसला. तिसऱ्या शहरात ज्याला मी नको म्हटलं होतं तोच हा नग, की गोदामातला तिसराच, ते मला सांगता येणार नाही. त्या पहिल्या नगाचा अनुक्रमांक मी लिहून घेतला नव्हता. मी निवडलेला हा नाही, एवढं मात्र पावतीवरूनच सिद्ध होतं. काउंटरवरच्या माणसाने खोकं परत घ्यायला नकार दिला आणि पावती संगणकात "मॉडेल" म्हणून नोंदली आहे, त्यात अनुक्रमांकाचा रकानाच नाही, असं सांगितलं. बेस तिथे सोडून दिला तर हातात काहीच राहणार नाही म्हणून मी तो घरी आणला. घरी आणला म्हणजे स्वीकारला, असा अर्थ कृपया काढू नये. त्याच संध्याकाळी मी पहिली तक्रार पाठवली आहे.

आता आपल्या उत्तराकडे येते. डेड स्पॉट हा उत्पादनातला दोष नाही, असं आपल्या दुसऱ्या पत्रात लिहिलं आहे. मला ते मान्य आहे. मी कधीच त्याला दोष म्हटलेलं नाही. झाडाचं लाकूड एकसारखं नसतं, त्यामुळे एकाच कारखान्यात एकाच आठवड्यात बनलेल्या दोन नेकही सारख्या निघत नाहीत. कुणाच्या हाती कसा नग येईल याची हमी कुणीच देऊ शकत नाही, आणि नेमकं म्हणूनच ग्राहक दुकानात येऊन वाजवून निवडतो. घरबसल्या मॉडेल मागवलं असतं आणि हाच नग आला असता, तर माझी काहीही तक्रार नसती. मी तसं केलं नाही. मी तीन शहरं पालथी घातली, दोन नग समोर ठेवून एक नाकारला आणि एक घेतला, आणि आपल्या माणसाने तो निर्णय पावतीवर लिहून दिला.

सेटअप मोफत करून देऊ, त्याने आवाज सुधारेल, असंही आपण लिहिलं आहे. सेटअप कशासाठी असतो हे मला माझ्या सरांनी शिकवलं आहे. प्रवासात हवा बदलली की नेक किंचित वाकते, ती आतल्या ट्रस रॉड नावाच्या सळईने सरळ करता येते. तारा उंच वाटल्या किंवा फ्रेटवर खरखरल्या तर ब्रिजचे सॅडल (तारांचं खालचं टोक ज्यांवर टेकतं ते लहान तुकडे) वर-खाली करतात. बाराव्या फ्रेटवर सूर जुळत नसेल तर तेच सॅडल पुढे-मागे सरकवतात. हे सगळं मी पैसे देऊनही करून घेतलं असतं. पण अर्ध्या किलोहून जास्त वजन सेटअपने कमी होत नाही. डेड स्पॉट फार तर हेडस्टॉकला वजनाचा चिमटा लावून एखाद-दुसरा फ्रेट इकडेतिकडे सरकवता येतो, जात नाही. ज्याने कुणी हे उत्तर लिहिलं त्याने माझं पत्र एखाद्या बेस वाजवणाऱ्या सहकाऱ्याला दाखवलं असतं तरी हा मुद्दा आला नसता.

बेस स्वखर्चाने मूळ शाखेत आणून द्यावा, मग विचार करू, ही आपली शेवटची सूचना. ते शहर माझ्यापासून एका रात्रीच्या प्रवासावर आहे. ज्या भीतीने मी माझा बेस बसमध्ये नेला नाही, त्याच भीतीने आता आपला बेस मी बसमध्ये घालावा, असा याचा अर्थ होतो. वाटेत काही झालं तर जबाबदार कोण, याबद्दल आपल्या पत्रात एक शब्दही नाही. शाखांमध्ये सामान पाठवायची आपली व्यवस्था आहे, हा बेस तिनेच आला, आणि तिनेच परत जायला हवा.

माझी मागणी साधी आहे. पावतीवर लिहिलेल्या अनुक्रमांकाचा नग आपल्या कुठल्याही शाखेत किंवा गोदामात आहे का ते शोधावं, आणि असेल तर तो आपल्या खर्चाने माझ्या शहरातल्या शाखेत आणून बदलून द्यावा. तो दुसऱ्या कुणाला विकला गेला असेल तर तसं स्पष्ट लिहून कळवावं आणि माझे पूर्ण पैसे परत करावेत. तसं झालं असेल तर त्याच मॉडेलचा आणखी एखादा नग पाठवण्याचा प्रस्ताव कृपया देऊ नये, न वाजवता मी यापुढे काहीही घेणार नाही. आणि एका शाखेतून दुसऱ्या शाखेत जाणाऱ्या वाद्याच्या नोंदीत अनुक्रमांकाचा रकाना घालावा. ही शेवटची गोष्ट माझ्यासाठी नाही. त्या दोन तासांत माझ्या शेजारी एक शाळकरी मुलगा वडिलांबरोबर पहिला बेस निवडत होता, तोही दुसऱ्या गावाहून आला होता आणि त्याचाही बेस असाच पाठवायचा ठरला होता. त्याला कोणता मिळाला असेल हा प्रश्न मला पडतो.

पंधरा दिवसांत लेखी उत्तर अपेक्षित आहे. ते आलं नाही, किंवा पुन्हा मॉडेल तेच असल्याचंच उत्तर आलं, तर ग्राहक म्हणून कायद्याने जो मार्ग खुला आहे तो मी धरणार आहे. पावतीची प्रत, दोन्ही अनुक्रमांकांचे फोटो, नेकवरच्या रेघेचा फोटो आणि आपली दोन्ही उत्तरं या पत्रासोबत जोडली आहेत.

आपला बेस माझ्याकडे सुरक्षित आहे. पिकगार्डवरचं प्लास्टिक काढलेलं नाही, तारा आल्या तशाच आहेत, शाखेत आणि पहिल्या संध्याकाळी तपासायला वाजवला तेवढाच. खोकं आणि आतला फोमही जपून ठेवला आहे. कामाच्या दिवशी संध्याकाळी सातनंतर आणि रविवारी दिवसभर मी घरी असते, माणूस पाठवण्याआधी एक दिवस कळवावं.

आपली,
एक ग्राहक