फिटरच्या घरची रोझरी आणि आमचा फॅमिली ग्रुप

संपादक साहेब,
स. न. वि. वि.

मागच्या महिन्यात तुमच्या वाचकांच्या पानावर एक पत्र आलं होतं, मोबाईलमुळे घरातली माणसं तुटली, पूर्वी कसं सगळे एकत्र बसायचे वगैरे, आणि नंतर दोन-तीन जणांनी त्याला हो ला हो पण केलं. मी पण तेच म्हणणारा माणूस होतो. पण २६ वर्षं मर्चंट नेव्हीत काढली, शेवटची बरीच वर्षं सेकंड इंजिनिअर म्हणून, आणि त्यातली निम्मीअधिक फिलिपिनो क्रूबरोबर, त्यामुळे मला यात थोडं वेगळं बोलायचंय. बायको म्हणाली एवढं मला ऐकवता ते पेपरलाच लिहून पाठवा ना.

पहिल्या फिलिपिनो क्रूने मला पाहिल्या पाहिल्या "बुंबाय" म्हटलं. मला वाटलं मुंबईचा समजले, म्हटलं नाही बाबांनो मी रत्नागिरीचा. नंतर कळलं की तिकडे कुठल्याही भारतीयाला बुंबायच म्हणतात, आणि त्यात थोडा टोमणा पण असतो, कारण तिकडे आपले पंजाबी लोक दारोदार फिरून व्याजाने पैसे देतात, पाच घ्या सहा परत करा, त्या धंद्याचं नावच फाइव्ह-सिक्स. पोरं ऐकत नसली की आया सांगतात बुंबाय येईल आणि पोत्यात घालून नेईल. आमच्या कुकने तर कांद्याचं पोतं दाखवून सांगितलं, हे बघ सेकंड (सेकंड इंजिनिअरला जहाजावर नुसतं सेकंडच म्हणतात), सिबुयास बुंबाय, म्हणजे मुंबईचा कांदा, मोठ्या कांद्याला तिकडे हेच नाव. चेहऱ्याला मुखा म्हणतात, शिक्षकाला गुरो आणि गरीब माणसाला दुखा. हे शब्द कुठल्या काळात तिकडे गेले देव जाणे, पण ऐकलं की परकं वाटत नाही.

आता मुद्द्याचं. डिसेंबरात १६ तारखेपासून २४ पर्यंत त्यांची सिंबांग गाबी असते, नऊ दिवस पहाटे अंधारात उठून चर्चला जायचं. जुन्या काळी शेतकरी शेतावर जायच्या आधी प्रार्थना करून जायचे म्हणून ती वेळ. नऊच्या नऊ पहाटा चुकवल्या नाहीत तर मनातली इच्छा पुरी होते असं मानतात. आमच्याकडे काकड आरतीला जाणारी माणसं असतात ना, तसंच. माझी वॉच, म्हणजे कामाची पाळी, चार ते आठ, म्हणजे साडेतीनला उठून खाली इंजिन रूमला जायचं, आणि त्या नऊ दिवसांत मी मेसवरून जाताना दिवा लागलेला असायचा. पाद्री नाही त्यामुळे मिसा, म्हणजे चर्चमधली पाद्रीने करायची प्रार्थना, नाही, बोसन (डेकवरच्या खलाशांचा मुकादम) बायबल वाचणार, बाकीचे बॉयलर सूट घालूनच बसलेले, कोण झोपेतून उठून तर कोण वॉच संपवून. राइस कुकरच्या शेजारी फळीवर सांतो निन्योची वीतभर मूर्ती, बाळयेशू, लाल झगा आणि डोक्यावर मुकुट. मूळ मूर्ती फिलिपिन्सच्या सेबू बेटावर आहे, १५२१ साली मॅगेलनने तिथल्या राणीला दिलेली. फिटरने, म्हणजे जहाजावर वेल्डिंग-दुरुस्ती करणाऱ्याने, वेल्डिंग रॉडचा पाच टोकांचा तारा टॅक मारून बनवलेला, त्यावर रंगीत सेलोफेन आणि आत बल्ब, त्याला पारोल म्हणतात. आपला आकाशकंदीलच, फक्त बांबूच्या काड्यांऐवजी रॉड. शेवटच्या पहाटे कुक बिबिंका करायचा, तांदळाचा केक, खरं तर केळीच्या पानावर, वर-खाली निखारे ठेवून करतात, जहाजावर कुठलं पान आणि कुठले निखारे, बेकिंग पेपरवर ओव्हनमध्ये. माझा वाटा चारच्या आधी कंट्रोल रूममध्ये झाकून ठेवलेला असायचा. तिथे माझा गणपतीचा फोटो होता, त्याला पण ऑइलर पोरं रोज गुड मॉर्निंग सर म्हणायची, चेष्टेने नाही बरं का.

हा फिटर फिलिपिन्समधल्या बातांगासचा, माझ्यापेक्षा चार वर्षांनी मोठा, सगळी पोरं त्याला कुया म्हणायची, म्हणजे दादा. त्याच्याबरोबर मी तीन कॉन्ट्रॅक्ट केली. घरी आई-वडील, बायको, दोन मुलं. बहीण हाँगकाँगला घरकामाला, भाऊ मिलानला. फिलिपिन्समध्ये हे काही वेगळं घर नाही, ११ कोटींच्या आसपास लोकसंख्या आणि बाहेर कमावणारे घरी पाठवतात ते पैसे वर्षाला ३० अब्ज डॉलरच्या वर. कोरी अकिनो राष्ट्राध्यक्ष असताना त्यांनी या बाहेर गेलेल्या लोकांना नवे हिरो म्हटलं होतं. फिटर म्हणायचा हिरो वगैरे ठीक आहे सेकंड, पण हिरोला घरी यायला विमानाचं तिकीट स्वतःच काढावं लागतं.

तर यांच्या घरी रोज रात्री आठला, म्हणजे तिकडच्या आठला, व्हिडिओ कॉलवर रोझरी, म्हणजे मेरीमातेची जपमाळ. आई अर्धी प्रार्थना म्हणणार, आबा गिनोओंग मारिया, आणि उरलेली अर्धी सगळ्यांनी, सांता मारिया, इना नंग दियोस. आता बातांगास, हाँगकाँग, मिलान आणि आम्ही समुद्रात, नेट कसलं तर सॅटेलाइटचं, त्यामुळे उत्तर एकदम कधीच यायचं नाही, आधी घरातल्यांचं, मग भावाचं, आणि आमच्या फिटरचं पोचेपर्यंत आईची पुढची सुरू. आईने त्यावर उपाय काढलेला, ती प्रत्येक मण्याला थोडं थांबायची, सगळे आवाज संपेपर्यंत. बहीण मालकिणीच्या किचनमध्ये भांडी पुसत उभी असायची, एका कानात इअरफोन, मोठ्याने बोलायची सोय नाही म्हणून नुसते ओठ हलताना दिसायचे. मी एकदा मागून पाहिलं तर ती बशी पुसता पुसता मण्याऐवजी बोटांची पेरं मोजत होती, अगदी माझी आजी मोजायची तशी.

आमच्या घरचा ग्रुप पण होता की. ५४ मेंबर, पणजोबांच्या नावाने काढलेला. २०१७ ला माझी आई गेली तेव्हा मी पॅसिफिकमध्ये मधोमध, उतरायला बंदर ११ दिवसांवर. भावाने ग्रुपवर टाकलं. त्यावर हात जोडलेले ६० मेसेज आले, त्यातल्या बऱ्याच ठिकाणी समईचं तेच एक चित्र, भावपूर्ण श्रद्धांजली, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच्याच खाली कोणीतरी गुलाबाची फुलं आणि शुभ सकाळ. राग कोणावर काढणार, माणसं आपलीच आहेत, त्यांना काय बोलावं सुचत नाही म्हणून बोट दाबतात. मी स्वतः पण कितीदा तेच केलेलं. पण एकानेही फोन करतो म्हटलं नाही. त्या रात्री हा फिटर कॉफी घेऊन माझ्या केबिनमध्ये आला, बातांगासची ती काळीकुट्ट बराको, अर्धा तास काही न बोलता बसला, मग फक्त आईचं नाव काय विचारलं. दोन दिवसांनी कळलं की त्यांच्या रोझरीत माझ्या आईचं नाव घेतलं जातंय, हाँगकाँगच्या त्या किचनमध्ये सुद्धा.

मग २०२०. आमचं कॉन्ट्रॅक्ट एप्रिलला संपलं आणि कोरोनामुळे क्रू चेंज, म्हणजे जुनी माणसं उतरून नवी चढणं, बंद. त्या वर्षी जगात चार लाखांच्या आसपास खलाशी असेच जहाजावर अडकले होते. ऑगस्टमध्ये फिटरचे वडील गेले. त्यांच्यात माणूस गेल्यावर नऊ रात्री प्रार्थना असते, पासियाम, आपल्याकडे दहावं-तेरावं तसं, एरवी पूर्ण गाव जमतं, रात्रभर कॉफी, पत्ते. तेव्हा तिकडे पण कोणाला घरात येऊ देत नव्हते. इकडे फिटरचा महिन्याचा डेटा दुसऱ्या रात्रीच संपला. तर बोसनने काय केलं, मेसमध्ये एक कागद चिकटवला आणि ज्याने त्याने आपापल्या कोट्यातले एमबी त्यावर लिहून दिले, कोणी ५०, कोणी १००, मी आणि आमच्या वसईच्या मोटरमनने पण दिले. (हा मोटरमन ख्रिश्चन, फिटरला नेहमी ऐकवायचा की आमचा वसईचा गोन्सालो गार्सिया तुमच्या मनिलामधूनच जपानला गेला आणि १५९७ ला नागासाकीत क्रुसावर मेला, संत आहे तो, आमचा तुमच्या आधी. फिटर मान्य करायचा नाही, म्हणायचा मनिलात येऊनच फ्रान्सिस्कन, म्हणजे त्या संघातला धर्मबंधू, झाला म्हणजे आमचा.) नऊ रात्री फोन केळ्याच्या केचपच्या बाटलीला टेकवून ठेवलेला. सहाव्या रात्रीपासून चित्र जायचंच, नुसता आवाज, आणि ती आई अजून प्रत्येक मण्याला थांबत होती.

आता कोणी म्हणेल बघा फिलिपिनो लोक कसे, आणि आपण कसे. तसं नाहीये. फिटर पहिल्या मोठ्या कॉन्ट्रॅक्टवरून घरी गेला तेव्हा त्याची धाकटी मुलगी आजीच्या मागे लपली, हा माणूस कोण म्हणून. व्हिडिओवर रोज बघायची ती, पण व्हिडिओतला बाप गुडघ्याएवढा असतो आणि दारात आला तो मोठा होता. नातेवाईकांना तो म्हणजे एटीएम, कोणाच्या पोराची फी, कोणाचं छप्पर, नाही म्हटलं की ताम्पो, म्हणजे रुसवा, मेसेज बघतात पण उत्तर देत नाहीत. तो वर्षभर कार्टन भरायचा, साबण, टूथपेस्ट, कॉर्न्ड बीफचे डबे, टॉवेल, त्याला बालिकबायान बॉक्स म्हणतात, आमच्याकडे गल्फवाल्यांच्या बॅगा उघडायला पूर्ण वाडी जमायची तसंच ते. आणि फेसबुक तर तिकडे विचारूच नका, मोबाईल कंपन्यांनी ते फुकट दिलं म्हणून कित्येकांना इंटरनेट म्हणजे फेसबुकच, त्यातून खोट्या बातम्यांचा महापूर. त्याविरुद्ध लढणाऱ्या तिकडच्या पत्रकार मारिया रेसाबाईंना २०२१ चं शांततेचं नोबेल मिळालं ते उगाच नाही. २०२२ च्या राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीत फिटरच्या घरात पण फाटलं, तो आणि बहीण रोब्रेदोबाईंच्या बाजूने, मिलानचा भाऊ मार्कोसच्या, तीन आठवडे एकमेकांना काय काय बोलले. आईने फक्त एवढंच सांगितलं की भांडायचं त्यांनी दुसऱ्या ग्रुपवर भांडा, आठ वाजता इकडे या. आणि यायचे. तोंड वाकडं करून का होईना, भाऊ सांता मारिया म्हणायचा.

मी २०२३ ला घरी बसलो. आमच्या ५४ जणांच्या ग्रुपवर लिहिलं की रविवारी रात्री साडेआठला पाच मिनिटं आरती करू, ज्याला जमेल त्याने यावं. १७ अंगठे आले, प्रत्यक्षात आम्ही सहा जण. मुलगी पुण्याहून, मुलगा दुबईहून, भाऊ डोंबिवलीहून, तो कायम म्यूटवर राहून ओरडणार. नातवाला आरतीत रस नाही, गाडी दाखवायची असते. टाळ्या कधीच जुळत नाहीत, पहिल्या रविवारी मला लाज वाटली, मग आठवलं आणि मी प्रत्येक कडव्याला थांबायला लागलो. शुभ सकाळची फुलं बंद करा म्हटलं तर भाऊ रुसून ग्रुप सोडून गेला, पंधरा दिवसांनी आपणहून परत आला. कधी सहा असतो, कधी चार. एकदा तर मी आणि बायकोच.

गेल्या आठवड्यात फिटरचा मेसेज आला. ती आजीमागे लपणारी मुलगी नर्स झाली आणि आता दुबईला लागली. तिची ड्युटी तिकडच्या सहाला संपते, म्हणजे बातांगासचे रात्रीचे दहा. म्हणून त्यांची रोझरी आता आठची दहाला झाली. आई ८० च्या पुढे आहे, जेवून लगेच झोपणारी बाई, ती आता रात्री नऊला बराको करून पिते आणि नात फोनवर येईपर्यंत जागी बसते.

आपला,
एक निवृत्त सेकंड इंजिनिअर, रत्नागिरी

ता. क. पत्र लांबलंय, हवी तेवढी कात्री लावा, फक्त त्या कागद चिकटवणाऱ्या बोसनला कापू नका.